पुण्यातील दोन बिनसरकारी विद्यापीठे : प्रवेश, खर्च आणि पदवीची मान्यता

प्रस्तावना

उच्च शिक्षण देणाऱ्या दोन खासगी विद्यापीठांची तुलना करावयाची झाल्यास आज सामान्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात. प्रवेशासाठी आलेल्या अर्जांपैकी किती अर्ज नाकारले गेले, ही पहिली. आणि वर्षाला शुल्क किती, ही दुसरी. जेथे प्रवेश कठीण ते विद्यापीठ चांगले आणि जेथे शुल्क कमी ते विद्यापीठ गरिबांचे, असा सोपा निष्कर्ष या दोन आकड्यांवरून काढला जातो. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाकडे पाहिल्यास हा निष्कर्ष टिकत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकात पुणे येथे पाच वर्षांच्या अंतराने दोन बिनसरकारी विद्यापीठे स्थापन झाली. एक, धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले भारतवर्षीय महिला विद्यापीठ. दुसरे, लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये स्थापन झालेले टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. दोन्ही विद्यापीठांनी आपले दार मुद्दाम रुंद ठेवले होते, आणि तरीही दोन्हीकडे विद्यार्थ्यांची रीघ लागली नाही.

असे का झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. या दोन्ही विद्यापीठांची खरी चाळणी प्रवेशाच्या दारात नव्हती; ती घरात, अंतरात आणि वसतिगृहाच्या खर्चात होती. त्याचप्रमाणे शिक्षणाची खरी किंमत शुल्काच्या पावतीवर नव्हती. ती पदवी हाती आल्यानंतर, त्या पदवीला सरकारदरबारी मान्यता नसल्यामुळे मोजावी लागत होती. नाशिक जिल्ह्यातील घोटीसारख्या बाजारगावातून पाहिले असता हे अधिक स्पष्ट होते. त्यामुळे विवेचनाच्या ओघात पुण्याबरोबर घोटीचाही संदर्भ घेतला आहे.

एकाच वर्तुळातील दोन वाटा

ही दोन विद्यापीठे परस्परविरोधी विचारांतून निघाली असे मानण्याची पद्धत आहे. कर्वे सुधारक, टिळक राष्ट्रवादी; त्यामुळे एक सामाजिक सुधारणेचे फलित आणि दुसरे राजकीय चळवळीचे, अशी विभागणी केली जाते. ती पूर्णपणे चुकीची नाही. परंतु दोन्हींचे मूळ एकाच संस्थात्मक परंपरेत आहे, ही गोष्ट तीत झाकली जाते. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. एतद्देशीयांनी स्वतःच्या त्यागावर चालविलेले उच्च शिक्षण ही कल्पना येथे प्रथम रुजली. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर काम करावे आणि त्यामुळे विद्यार्थ्यांवर पडणारा भार कमी व्हावा, हे तिचे अर्थशास्त्र होते. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. फर्ग्युसनमधील गणिताच्या अध्यापनाची त्यांची जागा रिकामी झाली, आणि १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आमंत्रणावरून त्या जागी आले ते धोंडो केशव कर्वे. पुढे ज्या दोन व्यक्तींच्या नावांशी ही विद्यापीठे जोडली गेली, त्यांनी एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, एकच विषय शिकविला होता.

प्रवेश नाकारला जाणे म्हणजे काय, याचा अनुभव कर्वे यांना बालपणीच आला होता. कोकणातील मुरूड गावचा हा मुलगा सहाव्या इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याचे वय लहान दिसते म्हणून त्यास परीक्षेस बसू दिले नाही. ही हकीकत कर्वे यांनी ‘आत्मवृत्त’ या ग्रंथात सांगितली आहे. चरित्रग्रंथांतून ती जिद्दीचे उदाहरण म्हणून वारंवार येते. परंतु शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. परीक्षेचे केंद्र घाटापलीकडे असणे हीच पहिली चाळणी होती. प्रमुखांचा नकार ही दुसरी. पहिली चाळणी कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती.

हिंगण्याचे विद्यापीठ

कर्वे यांनी १८९६ मध्ये पुणे येथे विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० मध्ये तो हिंगणे येथे नेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. १९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१५ मध्ये टोकियो येथील जपान महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. ती बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविली होती. हेच शिवप्रसाद गुप्त पुढे १९२१ मध्ये काशी विद्यापीठ या राष्ट्रीय विद्यापीठाचे संस्थापक आणि आश्रयदाते झाले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. स्त्रीशिक्षणाची आणि राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ यांतील भिंत त्या काळातील माणसांना आजच्या अभ्यासकांइतकी उंच वाटत नव्हती. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबई येथे भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढील वर्षी ती प्रत्यक्षात आणली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू. भांडारकर हे मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. सरकारी विद्यापीठाची प्रतिष्ठा अशा रीतीने व्यक्तीच्या रूपाने का होईना, या बिनसरकारी विद्यापीठास मिळाली.

या विद्यापीठाच्या प्रवेशव्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेची अट बाजूस ठेवली आणि स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देऊ लागले ते १९१८ नंतर, आणि त्यामागे निजाम सरकारचा खजिना होता. हिंगण्यास खजिना नव्हता. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवण्यात आला. गांधीजींनी मातृभाषेच्या माध्यमाचे स्वागत केले, परंतु इंग्रजीची सक्ती नसावी असे त्यांचे मत होते. कर्वे यांनी सक्ती कायम ठेवली. गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांसारखे विषय अभ्यासक्रमात आले. पदव्यांची नावेही स्वतंत्र ठेवली गेली : बी. ए. च्या बरोबरीची ‘गृहीतागमा’ आणि एम. ए. च्या बरोबरीची ‘प्रदेयागमा’.

या अभ्यासक्रमावर त्या काळी आणि नंतरही टीका झाली. स्त्रियांसाठी निराळा आणि सौम्य अभ्यासक्रम आखणे म्हणजे त्यांना दुय्यम ठरविणे होय, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो आजही पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तथापि प्रवेशाच्या दृष्टीने पाहता, इंग्रजी माध्यमातील मॅट्रिक ही त्या काळातील सर्वांत मोठी चाळणी होती आणि ती कर्वे यांनी विचारपूर्वक काढून टाकली, हे मान्य करावे लागते.

असे असूनही पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. दार उघडे होते. परंतु दारापर्यंत येण्याचा मार्ग मोकळा नव्हता. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविणारा शारदा कायदा १९२९ चा आहे. म्हणजे महाविद्यालयीन वयाची अविवाहित मुलगी ही १९१६ मध्ये बहुसंख्य घरांत अस्तित्वातच नव्हती. विवाहितेस सासरची परवानगी हवी, आणि विधवेस समाजाची. हिंगण्याच्या आश्रमात प्रारंभी प्रामुख्याने ब्राह्मण विधवा होत्या. पुनर्विवाहबंदीचा प्रश्नही मुख्यतः वरिष्ठ जातींतीलच होता. शेतकरी व कारागीर जातींतील मुलींच्या वाटेत विवाहाबरोबर श्रमही होता. भाताच्या लावणीस लागणारे हात शाळेत पाठविणे कोणत्याही घराला परवडत नव्हते. विद्यापीठाच्या नियमांत जातीची अट नव्हती. ती अट विद्यापीठाबाहेर आधीच लागू झालेली होती.

खर्चाची बाजू अधिक बोलकी आहे. हिंगण्याच्या संस्थांचा पैसा दीर्घकाळ लहान देणग्यांतून आला. पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावोगाव हिंडून निधी जमवीत होत्या. त्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्वे यांनी स्वतःची बचत संस्थेत घातली होती. या व्यवस्थेत विद्यार्थिनीकडून येणारे शुल्क हा खर्चाचा मुख्य आधार कधीच असू शकत नव्हता. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी दिली. साडेतीन टक्के व्याजाच्या हिशेबाने तिचे वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये होते. विद्यापीठास ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी’ हे नाव मिळाले. पुढे १९३६ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस गेले.

एका देणगीने संस्थेचा जीव वाचला, हे खरे; परंतु तिच्यामुळे संस्थेचा भूगोलही बदलला. पै-पैशाने जमविलेला निधी संस्थेला हजारो लहान दात्यांशी बांधून ठेवतो, मोठी देणगी एका घराण्याशी. मोठ्या देणगीनंतरही कर्वे यांना निधीसाठी फिरावेच लागले. सत्तरी ओलांडल्यानंतर, १९२९ पासून १९३२ पर्यंत, युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका असा त्यांचा प्रवास चालू होता. ज्या जपान महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून हे कार्य सुरू झाले, ते विद्यापीठही त्यांनी या प्रवासात पाहिले.

टिळकांच्या नावाचे विद्यापीठ

दुसऱ्या विद्यापीठाची जन्मकथा अगदी वेगळी आहे. बंगालच्या फाळणीनंतर १९०६ मध्ये कलकत्ता येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रात विष्णु गोविंद विजापूरकर यांनी समर्थ विद्यालयाच्या रूपाने तोच प्रयोग केला. तळेगाव येथील हे विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. दहा वर्षांनी असहकाराच्या चळवळीने हा प्रश्न पुन्हा उभा केला. सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घालावा, असा ठराव काँग्रेसने केला. नागपूर येथील डिसेंबर १९२० च्या अधिवेशनात या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून गुजरात विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया, काशी विद्यापीठ अशा संस्था काही महिन्यांतच उभ्या राहिल्या. १९२१ मध्ये पुणे येथे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले ते याच मालिकेत.

येथे प्रवेशाची कसोटी परीक्षेतील गुणांची नव्हती. सरकारी महाविद्यालय सोडण्याची तयारी हीच खरी कसोटी होती. वरवर पाहता याहून सोपा प्रवेश असू शकत नाही. प्रत्यक्षात याहून कठीण प्रवेशही सापडणे अवघड आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याने मुलकी नोकरी, वकिली आणि सरकारी शाळेतील शिक्षकी या तिन्ही वाटा स्वतःच्या हाताने बंद करावयाच्या होत्या. अनेक घरांत तो मुलगा कुटुंबातील पहिलाच इंग्रजी शिकलेला असे आणि त्याच्या शिक्षणासाठी जमीन गहाण पडलेली असे. अशा घराने देशासाठी सर्वस्व द्यावे, ही अपेक्षा व्यासपीठावरून करणे सोपे होते.

चळवळीचा ज्वर ओसरल्यानंतर याचा परिणाम दिसला. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथील घटनेनंतर असहकार तहकूब झाला आणि देशभर अनेक विद्यार्थी आपापल्या जुन्या महाविद्यालयांत परतले. महाराष्ट्रात तर बहिष्काराविषयी पुढाऱ्यांतच एकमत नव्हते. न. चिं. केळकर यांच्यासारखे टिळकांचे निकटचे सहकारी पुढे कायदेमंडळ प्रवेशाच्या बाजूने गेले. कायदेमंडळात बसावयाचे आणि विद्यार्थ्याने मात्र सरकारी महाविद्यालयात बसावयाचे नाही, ही भूमिका सामान्य पालकास पटणे कठीण होते. सविनय कायदेभंगाच्या काळात शिक्षक आणि विद्यार्थी तुरुंगात गेले, तेव्हा विद्यापीठाचे अध्यापनही खंडित झाले. राष्ट्रीय विद्यापीठाच्या दृष्टीने ते अपयश नव्हते. परंतु नियमित उच्च शिक्षणाची संस्था म्हणून ते चालणे त्यामुळे अशक्य झाले.

‘विशारद’ ही या विद्यापीठाची पदवी. तिच्या वाट्याला आलेले एक क्षेत्र मात्र टिकून राहिले, ते आयुर्वेदाचे. १९१६ च्या वैद्यकीय पदव्यांविषयीच्या कायद्याने पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या देण्याचा अधिकार मर्यादित केला होता. आयुर्वेद त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्यामुळे ‘आयुर्वेदविशारद’ झालेल्या वैद्यास आपला व्यवसाय करता येत होता. ज्या क्षेत्रात सरकार मान्यता देत नव्हते आणि नाकारीतही नव्हते, तेथेच बिनसरकारी पदवीला मोल राहिले. आयुर्वेद वैद्याची पाटी लावण्यासाठी कलेक्टर कचेरीची सही लागत नव्हती.

घोटीपासूनचे अंतर

ही दोन्ही विद्यापीठे पुण्यात होती. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या एका गोष्टीला शुल्कापेक्षा अधिक वजन होते. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि घोटी हे जी. आय. पी. रेल्वेच्या मुख्य मार्गावरील स्थानक झाले. भाताची बाजारपेठ म्हणून गावाची भरभराट झाली. तांदळाची पोती रेल्वेने मुंबईस जाऊ लागली. परंतु त्याच रेल्वेने विद्यार्थी उच्च शिक्षणास जाणे ही निराळी गोष्ट होती. १९२१ मध्ये नाशिक शहरातही महाविद्यालय नव्हते. गोखले एज्युकेशन सोसायटीने तेथे पहिले महाविद्यालय काढले ते १९२४ मध्ये. आज ते हं. प्रा. ठा. महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. त्यापूर्वी इगतपुरी तालुक्यातील विद्यार्थ्यास मुंबई किंवा पुणे याशिवाय मार्ग नव्हता, आणि पुण्यासाठी कल्याणला गाडी बदलावी लागे.

अशा विद्यार्थ्याच्या खर्चाचा हिशेब मांडल्यास शुल्क हा त्यातील लहान भाग ठरतो. खोली, खाणावळ, पुस्तके आणि प्रवास यांचा भार मोठा. शिवाय शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. इगतपुरीच्या पावसाळी पट्ट्यात जून हा पेरणीचा महिना; घरातील धान्य आणि रोकड दोन्ही त्या वेळी तळाला गेलेली असतात, आणि भात हाती येते दिवाळीच्या सुमारास. शिक्षणाचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांची ही विसंगती कोणत्याही शुल्कतक्त्यात दिसत नाही, परंतु सावकाराच्या वहीत ती नेमकी दिसली असती. जमीनच नावावर नसलेल्या महादेव कोळी आणि ठाकूर कुटुंबांचा तर या हिशेबात प्रवेशच होत नव्हता.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठांनी दिले नाही. ते वसतिगृहांनी दिले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. नाशिक येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कार्याचा आरंभच बोर्डिंगशी निगडित आहे. उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची पायाभरणी १९२० मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली. पुण्यात राष्ट्रीय विद्यापीठाची सिद्धता होत असतानाच नाशिकमध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी बोर्डिंगच्या भिंती उभ्या राहत होत्या. या दोन प्रयत्नांपैकी अधिक विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या दारात कोणी आणले, असा प्रश्न केल्यास उत्तर बोर्डिंगच्या बाजूने द्यावे लागेल. राष्ट्रीय शिक्षणाच्या इतिहासलेखनात बोर्डिंगला तळटीपेपुरती जागा मिळते, हा त्या लेखनाचाच दोष आहे.

मान्यतेची किंमत

दोन्ही विद्यापीठांच्या स्थापनेच्या वेळी, वैद्यकासारखा अपवाद वगळता, खासगी संस्थेने पदवी देऊ नये असा सर्वसाधारण कायदा नव्हता. सरकार पदवी देण्यास मनाई करीत नसे. फक्त तिची दखल घेत नसे. ही उपेक्षा मनाईपेक्षा अधिक परिणामकारक ठरली. गृहीतागमा झालेल्या स्त्रीचे ज्ञान कमी नव्हते. परंतु सरकारी शाळेत नोकरी मागताना तिची पदवी मोजली जात नव्हती. येथे दोन विद्यापीठांत एक मूलभूत भेद आहे. टिळक विद्यापीठाने मान्यता नको म्हणूनच जन्म घेतला होता. ती मागणे हे त्याच्या तत्त्वाशी विसंगत झाले असते. महिला विद्यापीठास मान्यता हवी होती आणि ती मिळत नव्हती. पहिल्याचा विद्यार्थी त्याग करीत होता. दुसऱ्याच्या विद्यार्थिनीवर त्याग लादला जात होता. दोघांच्या पदव्यांचे बाजारातील मोल सारखेच कमी असले, तरी ही किंमत एकच आहे असे म्हणता येणार नाही.

महिला विद्यापीठास स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने वैधानिक दर्जा देण्यात आला आणि १९५१ पासून तो प्रत्यक्षात आला. स्थापनेपासून ३५ वर्षे लोटली होती. कर्वे तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. राष्ट्रीय विद्यापीठांपैकी जामिया मिलियास १९६२ मध्ये आणि गुजरात व काशी विद्यापीठांस १९६३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठास मात्र त्यासाठी १९८७ पर्यंत थांबावे लागले. दरम्यान १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने परिस्थिती मुळातून बदलली होती. त्या कायद्याच्या कलम २२ नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले अथवा अभिमत म्हणून घोषित झालेले विद्यापीठच पदवी देऊ शकते. बनावट पदव्यांना आळा घालण्यासाठी ही तरतूद आवश्यकच होती. परंतु १९५६ नंतर एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ काढणे कायद्यानेच अशक्य झाले, हेही तिचे फलित आहे.

१९८३ नंतरची उलट बाजू

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. येथून खासगी शिक्षणाचे गणित उलटे झाले. या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना पदवी सार्वजनिक विद्यापीठाची मिळत होती, म्हणजे मान्यतेचा प्रश्न पहिल्या दिवशीच सुटलेला होता. खर्चाचा भार मात्र दात्याकडून विद्यार्थ्याकडे आला. देणगी हा शब्दही उलटा झाला. कर्वे यांच्या काळात समाज विद्यार्थ्यासाठी संस्थेला देई ती देणगी. आता पालक प्रवेशासाठी देई ती देणगी. महाराष्ट्र विधिमंडळाने कॅपिटेशन फीला प्रतिबंध करणारा कायदा केला तो १९८७ चा, म्हणजे टिळकांच्या नावाच्या विद्यापीठास अभिमत दर्जा मिळाला त्याच वर्षाचा.

पुढील इतिहास मुख्यतः न्यायालयात घडला. उन्नीकृष्णन खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणवत्तेनुसार कमी शुल्काच्या आणि निम्म्या सशुल्क अशी योजना घालून दिली. टी. एम. ए. पै खटल्याच्या निकालाने (२००२) ही योजना रद्द ठरविली. नफेखोरी व कॅपिटेशन फी निषिद्ध मानली, परंतु संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्यास मुभा दिली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात (२००५) विनाअनुदानित संस्थांवर राज्याला स्वतःचा कोटा वा आरक्षण लादता येणार नाही असा निर्णय झाला, आणि त्यानंतर ९३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम १५ (५) समाविष्ट करण्यात आले. त्याच २००५ साली प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने छत्तीसगडच्या खासगी विद्यापीठ कायद्यातील तरतुदी रद्द केल्या. त्या तरतुदींखाली, शिकविण्याची पुरेशी व्यवस्था नसतानाही, केवळ अधिसूचनेद्वारे शंभराहून अधिक विद्यापीठे निघाली होती. हिंगण्यास विद्यार्थिनी होत्या आणि मान्यता नव्हती. छत्तीसगडमधील या अनेक विद्यापीठांना मान्यता होती आणि वर्गखोल्या नव्हत्या.

महाराष्ट्रात स्वतंत्र कायद्यांद्वारे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे निघाली ती प्रामुख्याने २०१४ नंतर. नाशिकजवळ महिरावणी येथील संदीप विद्यापीठ हे त्यांपैकी एक. घोटीच्या विद्यार्थ्यासाठी अंतराची चाळणी आता बरीच सैल झाली आहे. १९२१ मध्ये पुणे-मुंबईशिवाय जे मिळत नव्हते ते आज तालुक्यात आणि जिल्ह्यात मिळते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथेच आहे. परंतु कोणत्या संस्थेत काय खर्च येईल, हे आता संस्थेच्या कायदेशीर प्रकारावर ठरते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना तो लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेशही त्यात येत नाही. एकाच जिल्ह्यातील, एकाच नावाचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या दोन खासगी संस्थांपैकी एकीत घोटीच्या मुलीचे शिक्षण शुल्क शासन भरते आणि दुसरीत ते संपूर्ण तिच्या घरावर पडते. वसतिगृह, खाणावळ आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र दोन्हीकडे घरालाच सोसावा लागतो, आणि प्रवेशाचे महिने आजही पेरणीचेच आहेत.